समेटाचा कागद

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तयारीची उपासना असायची. दोन गीतं, छोटा उपदेश, आणि मग एकेकानं आपल्या जागी उभं राहून म्हणायचं, "माझं कोणाशी वैर नाही." असं म्हणणाऱ्याच्या तळहातावर पाळकानं शिशाचा एक बिल्ला ठेवायचा. चिंचोक्याहून जरा मोठा, लांबट, वरची अक्षरं झिजून गुळगुळीत झालेला. दुसऱ्या दिवशी प्रभूच्या मेजाशी येताना तो परत द्यायचा. ज्याच्याकडे बिल्ला नाही त्याला भाकर नाही आणि प्यालाही नाही. गोऱ्या मिशनऱ्यांनी लावलेली ही रीत इतर मंडळ्यांनी कधीच सोडून दिली होती. आमच्या लोकांनी मात्र ती सासूनं दिलेल्या दागिन्यासारखी जपली होती.

मी तिथे पाळक म्हणून आलो तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, आणि दौलताबादच्या अलीकडे माझ्याइतका शहाणा माणूस नाही अशी माझी पक्की समजूत होती. धर्मविद्यालयात सिद्धांताच्या पेपरात मी पहिला आलो होतो. कोणी काही विचारलं की वचनावर वचन रचून त्याला गप्प करायचो, आणि गप्प झालेला माणूस पटून गप्प झाला असं धरून चालायचो. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांपैकी एक म्हातारे कंपाउंडर होते, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. माझा उपदेश संपला की दारात उभे राहून म्हणायचे, "औषध एक नंबर आहे, साहेब. पण रोगी कोण आहे ते पाहिलंत का?" मी हसून सोडून द्यायचो. कंपाउंडरनं डॉक्टरला शिकवू नये, असं मनातल्या मनात म्हणायचो. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

तेव्हा या शहराला औरंगाबादच म्हणत. वाळूजच्या माळावर कारखान्यांच्या शेडी भराभर उभ्या राहत होत्या आणि खेड्याखेड्यांतून माणसं येऊन बजाजनगरातल्या खोल्यांमध्ये दाटीवाटीनं राहू लागली होती. शहरातल्या भिंतींवर एका बाजूला स्कूटरच्या जाहिराती आणि दुसऱ्या बाजूला नामांतराच्या घोषणा. मराठवाडा विद्यापीठाला घटनाकारांचं नाव द्यायचा ठराव झाला, तेव्हा गावोगाव दलितांच्या वस्त्या जळाल्या होत्या. त्याला काही वर्षं झाली होती, पण नाव अजून बदललं नव्हतं, मोर्चे थांबले नव्हते आणि जळलेल्या घरांचे खटले कोर्टात तसेच पडून होते.

माझं या सगळ्यावर एक ठरलेलं मत होतं. आपलं नागरिकत्व स्वर्गातलं, तेव्हा मंडळीनं असल्या भानगडीत पडू नये. मी हे व्यासपीठावरून सांगायचो आणि समोरची अर्धी माणसं खाली बघायची. त्या अर्ध्या माणसांचे भाऊ, मेहुणे, चुलते मोर्चात होते. वस्तीत घर कोणाचं ख्रिस्ती, कोणाचं बौद्ध. पेटवणाऱ्यांनी भिंतीवर क्रूस आहे की बुद्धाचं चित्र, ते विचारून काडी लावली नव्हती.

अशाच एका जळलेल्या वस्तीतला एक माणूस आमच्या मंडळीत होता. पैठणच्या बाजूचं गाव. आता वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर काम करायचा, म्हणून सगळे त्याला प्रेसवाले भाऊ म्हणत. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. उंच, सावळा, कमी बोलणारा. तयारीच्या शनिवारी सोबत्याशी पाळी बदलून घेई आणि बजाजनगरहून सायकल मारत येई. दारात घाम पुसून मला "सलाम, पाळकसाहेब" म्हणे आणि बायकोशेजारी न बसता पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकावर टेकत असे. त्या वेळी आमच्यात बायका-पुरुष वेगळे बसत.

मी आल्यावर पहिल्याच वर्षी बिल्ले कमी पडू लागले. जुने हरवले होते आणि कारखान्यांमुळे माणसं वाढली होती. मी त्यालाच विचारलं, असे काही करून मिळतील का. महिनाभरानं त्यानं रुमालात बांधून वीस बिल्ले आणले. फोरमनला विचारून, वाया गेलेल्या पितळी पत्र्यातून, जुन्या बिल्ल्याच्या मापाचा साचा करून पाडलेले. कडा कानशीनं घासून इतक्या मऊ केल्या होत्या की बोटाला कुठे लागत नव्हतं. शिशाच्या काळ्या बिल्ल्यांमध्ये ते नवे वीस लगेच ओळखू यायचे. मी त्याची पाठ थोपटली. त्याला फार आनंद झाला. त्याच्या वाट्याला कौतुक कमीच आलं असावं.

पुढे एका तयारीच्या उपासनेत मी उत्साहाच्या भरात जरा जास्तच बोललो. हे वाक्य पोपटासारखं म्हणू नका, असं मी म्हणालो. मनात वैर असेल तर तोंडानं नाही म्हणणं हे देवाशी खोटं बोलणं आहे. अयोग्य रीतीनं जो मेजाशी येतो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. मग उभं राहणं सुरू झालं. औरंगपुऱ्यातल्या दुकानाच्या वाटणीवरून ज्या दोन सख्ख्या भावांचं पाच वर्षं बोलणं नव्हतं, ते दोघं एकामागून एक उभे राहिले आणि वैर नाही म्हणाले. मी दोघांना बिल्ला दिला. प्रेसवाले भाऊ उभे राहिले आणि गप्प राहिले.

"म्हणा ना," मी म्हणालो.

"मला नाय म्हणता येणार, पाळकसाहेब," तो म्हणाला. "तुम्ही आत्ताच सांगितलं, खोटं बोलू नका. माझं वैर हाये. तिघांशी हाये."

मी त्याला बसायला सांगितलं आणि पुढच्याकडे वळलो. त्यानं स्वतः घासून केलेले बिल्ले माझ्या पेटीत होते आणि त्यातला एकही मी त्याला दिला नाही.

उपासना संपल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं. गावात त्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं घर एकाच भिंतीला लागून. हा ख्रिस्तीच राहिलेला, तो बौद्ध झालेला. माय दोघांकडे असायची. ज्याच्याकडे कालवण बरं, त्याच्याकडे जेवायची. वस्तीला आग लावली त्या दिवशी, दिवेलागणीला, भाऊ पैठणला कालव्याच्या कामावर होता. मायला चालता येत नव्हतं. ह्यानं तिला बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. आठ दिवस दवाखान्यात राहून ती गेली. पेटवणाऱ्यांतल्या तिघांचे चेहरे त्यानं पाहिले होते. गावातल्या एका मोठ्या बागायतदाराचा मुलगा, पुतण्या आणि त्यांचा गडी. वस्तीतली बाकीची माणसं आधीच शेतात पळाली होती. त्या तिघांना ओळखणारा साक्षीदार हा एकटा. खटला अजून उभा राहायचा होता.

"तारीख लागली की म्या सांगणार हाये," तो म्हणाला. "त्यासाठीच जगलोय म्हणा ना."

मी त्याला काय सांगायला हवं होतं, ते आज मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा मी त्याला शास्त्र सांगितलं. अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. तो म्हणाला, ते भाऊ नाहीत. मी म्हणालो, शत्रूवर प्रीती कर असंही सांगितलं आहे. तो गप्प झाला. मी नेहमीप्रमाणे धरून चाललो की त्याला पटलं.

कंपाउंडरकाका बाहेर पायरीवर माझी वाट बघत बसले होते. "साहेब, ज्यांनी खोटं सांगितलं त्यांना तुम्ही बिल्ला दिलात," ते म्हणाले, "आणि एकटा खरं बोलला त्याला रिकाम्या हातानं पाठवलंत. हे गणित मला कळलं नाही." मी म्हणालो, काका, नियम माणूस बघून बदलायला लागलो तर उद्या नियमच उरणार नाही. ते म्हणाले, "पुराणातली वांगी पुराणात राहू द्या. हा माणूस जळून आलाय." मला राग आला. सत्याला वांगी म्हणतात म्हणून आला. त्या रात्री घरी जाऊन मी बायकोपुढे त्यांची नक्कलही केली.

त्यानंतरची तीन प्रभुभोजनं तो आला आणि मेजाशी न येता बसून राहिला. त्याची बायको एकटी पुढे यायची, भाकर घ्यायची, प्याल्याला ओठ लावायची आणि परत जाताना त्याच्याकडे बघायची. आमच्याकडे प्याला एकच असतो. सगळे त्याच्यातूनच पितात. एकदा तीच मला म्हणाली, "पाळकसाहेब, ह्यांच्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तो त्या एका प्याल्यापायी. गावात चहाच्या दुकानात आमचा पेला भिंतीवर येगळा. आज्या म्हणायचा, जगात एवढ्या एकाच ठिकाणी माझं उष्टं लोक पितात." मी तिला धीर दिला. वहिनी, दार तर उघडंच आहे, त्यांनी फक्त मन उघडायचं आहे, असं काहीतरी बोललो. असली वाक्यं तेव्हा माझ्या तोंडात तयार असत.

चौथ्या खेपेच्या आधी तो स्वतः माझ्याकडे आला. म्हणाला, "चला. कुठं जाऊन समेट करायचा ते तुम्हीच सांगा. पण तुम्ही संगं या." मला आभाळ ठेंगणं झालं. माझ्या शिकवणीचं हे पहिलं फळ, असं मी त्या दिवशी डायरीत लिहिलं. ती डायरी नंतर मी फाडून टाकली, पण लिहिलं होतं हे खरं.

आम्ही पैठणची एसटी धरली आणि पुढे गावापर्यंत चालत गेलो. बागायतदारांना मी आधी पत्र टाकलं होतं. स्वच्छ धोतर, पांढरी मिशी, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी मला ओसरीवर खुर्ची दिली. प्रेसवाले भाऊ अंगणात, पायरीच्या खाली, उकिडवे बसले. मी त्याला वर बोलावायला हवं होतं. मला वाटलं, नको, आत्ता विषयाला फाटा फुटेल.

माझं आडनाव त्यांनी विचारलं नाही. मी पँट-शर्टातला, शुद्ध बोलणारा, शहरातला साहेब. माझा आजा आणि प्रेसवाले भाऊंचा आजा एकाच तऱ्हेच्या वस्तीत जन्मलेले. मधे आमच्या घरात दोन शाळामास्तर झाले, एवढाच काय तो फरक. चहा आला. मला बशीसकट कप, कपावर गुलाबाची फुलं. मग आतल्या बाईनं कोनाड्यात उपडा ठेवलेला ॲल्युमिनियमचा पेला उचलून पायरीवर ठेवला आणि वरून, हात न लागू देता, चहा ओतला.

मी ते पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तेही मी पाहिलं. आणि मी माझा कप उचलून चहा प्यालो. समेटाची वेळ आहे, आत्ता वाद नको, असं मनाला समजावलं. माझ्या सगळ्या आयुष्याचा निवाडा करायला बसलं तर त्या एका घोटावर करावा. बाकी काही बघायची गरज नाही.

"तुमच्या धर्मात क्षमा हाये, ते आम्हाला लई आवडतं, साहेब," बागायतदार म्हणाले. "पोरांच्या हातून झालं. त्या टायमाला सगळीकडंच वारं फिरलं व्हतं. मला बी झोप लागत नाय." मग ते खाली बघून म्हणाले, "बाबा रे, झालं गेलं गंगेला मिळालं."

प्रेसवाले भाऊंनी मान हलवली. "माफ केलं," तो म्हणाला. आवाज कोरडा होता, पण तो खरंच म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उभं राहून प्रार्थनाही केली, आणि बागायतदारांनी टोपी काढून हात जोडले.

प्रार्थना संपली तशी त्यांनी आतून एक कागद मागवला. स्टँपपेपर. वकिलाकडून टाइप करून तयार ठेवलेला. त्यात लिहिलं होतं की दिवेलागणीच्या अंधारामुळे आणि धुरामुळे मला कोणाचेही चेहरे ओळखता आले नाहीत, आणि आधीचा जबाब गैरसमजातून दिला होता. "समेट म्हणजे समेट," ते म्हणाले. "तोंडी माफी आणि कोर्टात साक्ष, ह्याला काय अर्थ हाये? तुम्हीच सांगा, पाळकसाहेब."

मी खरोखर गोंधळलो. क्षमा वेगळी आणि साक्ष वेगळी, हे मला एका परिच्छेदात लिहून देता आलं असतं. परीक्षेत असा प्रश्न आला असता तर पुरते गुण मिळवले असते. क्षमा करणारा आपला सूड सोडतो, पण खरं सांगायचं सोडत नाही. खोटी साक्ष देऊ नको हीही आज्ञाच आहे. हे सगळं मला येत होतं. पण तिथे, त्या ओसरीवर, गुलाबाच्या फुलांचा कप हातात असताना, त्यातला एक शब्दही माझ्या तोंडातून फुटला नाही. मला समेट पुरा झालेला हवा होता. रविवारी सांगायला हवा होता.

"सही करू?" त्यानं मला विचारलं. त्याचा पेला पायरीवर तसाच भरलेला होता.

मी म्हणालो, "तुम्ही मनापासून क्षमा केलीत ना? मग आता मागचं धरून काय करायचं?"

त्यानं शर्टाच्या खिशातून पेन काढलं. कारखान्यात पाळी लिहायला लागतं म्हणून तो नेहमी एक पेन बाळगायचा. गुडघ्यावर कागद ठेवून त्यानं हळूहळू, एकेक अक्षर जोडत सही केली. परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि मी त्याला विश्वासाविषयी बरंच काही सांगत राहिलो.

शनिवारी तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझं कोणाशी वैर नाही." अगदी इतरांसारखं, सपाट. मी पेटीतून मुद्दाम शोधून एक पितळी बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला. रविवारी मी समेटावर उपदेश केला. नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजच नव्हती, सगळे मागे वळून त्याच्याकडे बघत होते. मी सांगितलं की सिद्धांत आचरणात कसा उतरतो ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे. कंपाउंडरकाका मान खाली घालून बसले होते. आपली चूक त्यांना कळली असेल असं मला वाटलं.

तो मेजाशी आला. बिल्ला परत दिला. भाकर घेतली आणि मुठीत धरून ठेवली. मग प्याला त्याच्यापर्यंत पोचला. त्यानं दोन्ही हातांनी तो धरला, आत पाहिलं आणि ओठ न लावता शेजारच्याकडे दिला. शेजारी औरंगपुऱ्याच्या दुकानाचा थोरला भाऊ होता. तो प्यायला आणि प्याला पुढे गेला. उपासना संपल्यावर मी दारात उभा राहून सगळ्यांशी हात मिळवत होतो, पण तो त्याआधीच बाजूच्या दारानं निघून गेला होता. बाकावर त्यानं मुठीतली भाकर रुमालात गुंडाळून ठेवली होती. रुमाल तोच, बिल्ले बांधून आणलेला.

तो पुन्हा आला नाही. त्याची बायको दोन वेळा आली, मग तिनंही सोडलं.

खटला उभा राहिला, तीन तारखांमध्ये संपला. एकटा साक्षीदार फितूर झाल्यावर राहतं काय? तिघंही पुराव्याअभावी सुटले. त्यानंतरच्या एका रविवारी त्याचा धाकटा भाऊ आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण चेहऱ्याची ठेवण तीच. मी त्याला आत बोलावलं. तो आला नाही.

"तुम्हीच का ते पाळक?" तो म्हणाला.

मी हो म्हणालो.

"त्यानं माफ केलं, ते त्याच्या वाट्याचं असंल," तो म्हणाला. "माय माझी बी व्हती. माझा वाटा तुम्ही कोणाला इचारून दिला?"

तो फाटक ओढून लावून निघून गेला. नंतर मी बरीच पुस्तकं उघडली, पण त्या प्रश्नाचं पान मला कुठे सापडलं नाही. पुढे कळलं की वस्तीनं प्रेसवाले भाऊंना वाळीत टाकलं; लग्नाला नाही, मयताला नाही. काही वर्षांनी हाच धाकटा भाऊ आजारपणात गेला तेव्हा थोरल्याला खांदा देऊ दिला नाही. तो दूर बाभळीखाली उभा राहिला आणि सगळे गेल्यावर माती टाकून आला. गावातल्यांशी समेट झाला आणि घरातल्यांशी वैर. हे माझं पाळकपण.

कंपाउंडरकाका मला कधी टोचून बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. ते वारायच्या आधी मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा मी विषय काढला. ते म्हणाले, "साहेब, तुमचं औषध बरोबरच होतं. डोस कोणी पाहिला नाही." मग कुशीवर वळले.

पुढे मी त्या मंडळीत आणखी बरीच वर्षं राहिलो. विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या दिवशी रस्त्यावर गुलाल होता, माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. एका अनोळखी बाईनं माझ्याही हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला नाही. इतक्या माणसांनी त्या नावासाठी मार खाल्ला, घरं गमावली, आणि मी एका घराचा साक्षीदारसुद्धा राखू शकलो नव्हतो. त्याच वर्षी मी बिल्ल्यांची पेटी बंद केली. लोक विचारत राहिले, मी कारण सांगितलं नाही. आता नवे पाळक आहेत. तयारीच्या उपासनेत वाक्य म्हणायची रीत त्यांनी ठेवली आहे. सगळे उभे राहून म्हणतात. माझी पाळी आली की मी बसून राहतो. म्हातारा आहे, गुडघे दुखत असतील, असं समजून कोणी काही विचारत नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा, फार उशिरा, मी स्वतः लोकांना सांगत आलो ते करायला निघालो. आधी समेट, मग अर्पण. बजाजनगरात पत्ता शोधत शोधत गेलो. खोलीच्या जागी आता पक्कं घर होतं. दार त्यानंच उघडलं. पाठीतून वाकला होता, केस पांढरे झाले होते. "सलाम, पाळकसाहेब," तो म्हणाला, अगदी पूर्वीसारखं. आत बसवलं. बायकोला चहा टाकायला सांगितला.

चहा आला. माझ्यापुढे त्यानं बशीसकट कप ठेवला. स्वतः खाली जमिनीवर बसला आणि ॲल्युमिनियमच्या पेल्यातून पिऊ लागला. मांडणीवर स्टीलचे पेले ओळीनं लावलेले मला दिसत होते. मी म्हणालो, भाऊ, वर बसा. तो म्हणाला, "मला इथंच बरं वाटतं."

मी कप खाली ठेवला. घरून निघताना मनाशी खूप काही जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी एवढंच म्हणालो, "मला माफ करा. मी तुमचं वाटोळं केलं."

त्यानं पेला बाजूला ठेवला, हात धोतराला पुसले आणि खिशातून पेन काढलं.

"कुठं सही करायची?" त्यानं विचारलं.

तो टोमणा मारत नव्हता. टोमणा असता तर मी सहन केला असता. तो खरोखर कागदाची वाट बघत होता.

"कागद नाही आणला," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि पेन परत खिशाला लावलं. "मग चहा घ्या. निवतोय."